बोलता यावे, पण गाता येऊ नये

आमच्या शिकवणीला दुपारी तीन वाजता ज्या बायका येतात, त्यांच्या वर्गाला मी मनातल्या मनात 'उशिराची पंगत' म्हणतो. मुले शाळेतून परतायच्या आत, दुपारची झाकपाक उरकून, रावपुऱ्यातून, दांडिया बाजारातून आणि अलीकडे पार गोत्री-अकोट्यापासूनही त्या येतात. लग्नाआधी गाण्याच्या दोन-तीन परीक्षा दिलेल्या, मग पंधरा-वीस वर्षे गळा मिटलेला आणि आता धाकटे मूल जरा हाताबाहेर झाल्यावर पुन्हा तंबोऱ्यापाशी आलेल्या. चांगल्या गातात. पण एक गोष्ट मी पाहिली आहे. आल्या की पहिल्यांदा क्षमा मागतात. उशीर झाल्याची, आवाज बसल्याची आणि हे मला फार दिवस कळत नव्हते, पण आपल्या अंगाचीसुद्धा. "अंग सुटलंय हो सर, त्यामुळे दम पुरत नाही," हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकले आहे की ते आता मला नांदीसारखे वाटते.

गेल्या वर्षी यांतल्याच एक बाई भीमपलासचा ख्याल गाता गाता दुसऱ्या आवर्तनात थांबल्या आणि भिंतीला टेकल्या. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. मी विचारले, "जेवून आलात ना?" तर हसून म्हणाल्या, "काल भाच्याच्या मुंजीत दोन जिलब्या जास्त झाल्या. म्हणून आज दिवसभर काही खायचं नाही, असं ठरवलंय." घरातून गूळ-पाणी आणवले, पाच-दहा मिनिटांत त्या सावरल्या. बाकीच्या बायका हसल्या, "आमचंही असंच असतं" म्हणाल्या. मला मात्र हसू आले नाही. तसा पांढरा चेहरा मी एकदा माझ्या घरात पाहिला होता.

माझे वडील राजवाड्याच्या पगारावर गात. संस्थान विलीन झाल्यानंतरही राजवाड्याने काही कलावंतांना सांभाळले होते. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले, तेव्हा वडिलांची ती चाकरी संपली आणि शिकवण्या सुरू झाल्या. पण दरबार गेला तरी दरबारी रीत घरात राहिली. बाहेरगावचा कोणी गवई बडोद्याला उतरला की आमच्याकडे बैठक ठरलेली आणि बैठकीआधी जेवण ठरलेले. पंचवीस-तीस पाने. वडील गात, पाहुणे दाद देत आणि आई स्वयंपाकघरात. रात्री बारा-एक वाजता सगळे पांगल्यावर ती ओट्याशी उभी राहून जेवे. पातेल्यात जे उरले असेल ते. मुलांच्या पानांतले अर्धे राहिलेले पुरणही तीच संपवी, कारण "टाकवत नाही." कधी उरलेच नसेल तर ताक-भात. आणि पुष्कळ उरले असेल तर पुष्कळ. भुकेशी त्या जेवणाचा काही संबंधच नव्हता. आमच्या घरात बाईच्या तोंडून "मला भूक लागली" हे तीन शब्द मी लहानपणी कधी ऐकले नाहीत.

वडिलांची गोष्ट वेगळी. ते पहाटे आखाड्यात जात. आपल्या दांडिया बाजारात जुम्मादादांचे व्यायाममंदिर, प्राध्यापक माणिकरावांचे नाव गावभर. अशा गावात पुरुषाने दंड-बैठका काढणे म्हणजे दात घासण्यासारखेच. नंतर खर्जाचा रियाज, मग बदाम घातलेले दूध. वडिलांचा दमसास ही घराची इस्टेट होती आणि सगळे घर ती राखीत होते. आईला दम लागतो की नाही, याची चौकशी कोणी केल्याचे मला आठवत नाही. मीही केली नाही.

तिचे उपास मात्र घरभर ठाऊक. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या. पन्नाशीत मधुमेह निघाला, साखर उतरवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या आणि उपास होते तसेच चालू राहिले. एरवी साबुदाण्याची खिचडी तरी पोटात जाई. आषाढीला ती निरंकार करी. १९९९ च्या आषाढीला तिने दिवसभर काही खाल्ले नाही, पण गोळी मात्र दोन्ही वेळा नेमाने घेतली. औषध चुकवणे तिच्या स्वभावातच नव्हते. रात्री दोनच्या सुमारास मला तिचे पुटपुटणे ऐकू आले. जाऊन पाहतो तो अंथरूण घामाने भिजलेले, डोळे उघडे, पण मी कोण ते तिला कळत नव्हते. इस्पितळात शिरेतून साखर दिली तेव्हा ती शुद्धीवर आली. डॉक्टर म्हणाले, "गोळीला एकादशी कळत नाही. पोटात अन्न असो वा नसो, ती रक्तातली साखर उतरवीतच राहते. आणखी दोन तास उशीर झाला असता तर काय झालं असतं, सांगता येत नाही."

आईने डोळे उघडून पहिला प्रश्न विचारला तो मी विसरलेलो नाही. हाताला लावलेल्या नळीकडे बघत ती म्हणाली, "उपास मोडला का रे माझा?"

त्या भिंतीला टेकलेल्या बाईंना हे मी तेव्हा सांगितले नाही. सांगायला हवे होते. आईचा अपराध धर्माचा होता, यांचा वजनाचा. पण तपासून पाहिले तर बंदिश बदलली आहे, राग तोच आहे. खाल्ले की चुकले, चुकले की प्रायश्चित्त, प्रायश्चित्त झाले की पुन्हा भूक आणि भुकेपोटी पुन्हा 'चूक'. दिवसभर उपाशी राहिलेली बाई संध्याकाळी पाच वाजता मुलाच्या डब्यात उरलेला पराठा, मग मूठभर चिवडा, मग चहाबरोबर चार बिस्किटे असे उभ्या उभ्या खाते आणि रात्री स्वतःला दोष देते. हा तिच्या मनाचा दुबळेपणा नव्हे. उपाशी शरीर अन्न शोधणारच. ते त्याचे कामच आहे. त्यातून रात्री मूल उठवीत असेल तर झोप अपुरी आणि झोप अपुरी की भूक वाढते, गोड खावेसे वाटते. असे असताना आम्ही म्हणणार, "जिभेवर ताबा नाही."

'आम्ही' हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. आमच्या दुसऱ्या मुलाच्या वेळी सौ.चे बाळंतपण शस्त्रक्रियेने झाले. पहिला सव्वा महिना आपल्या घरांत बाळंतिणीचे जे लाड होतात ते सगळे झाले. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी, जेवणानंतर बाळंतशेपा. शेजारच्या गुजराती बेन बत्तीस वसाण्यांचे काटलू घेऊन आल्या. सगळे म्हणत होते, "खा, खा, बाळासाठी खा." आणि बारसे झाले, पाहुण्या बायका घरी येऊ लागल्या, की त्याच तोंडांनी, "अगबाई, किती सुटलीस!" चाळिसाव्या दिवसापर्यंत खाणे हे कर्तव्य आणि एकेचाळिसाव्या दिवशी तेच खाणे गुन्हा! कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात इतक्या झटपट कलम बदलत नसेल.

माझी त्यातली कामगिरीही सांगतो. बाळ चार महिन्यांचे असताना माझा एका ठिकाणी कार्यक्रम होता आणि सौ. तंबोऱ्यावर बसणार होती. निघताना मी, विनोद म्हणून, म्हणालो, "जरा मागे सरकून बस, नाहीतर श्रोत्यांना मी दिसायचो नाही." ती हसली. त्या रात्रीपासून तिने रात्रीचे जेवण सोडले. मला ते तीन आठवडे कळलेसुद्धा नाही, कारण आमच्याकडे बायका मागाहूनच जेवत.

त्या दिवसांत तिने किती खायला हवे होते, हे मला पुढे माझ्या मावसबहिणीकडून समजले. ती आपल्याच विद्यापीठात आहारशास्त्र शिकली. हंसाबेन मेहता १९४९ साली कुलगुरू झाल्या; त्यांच्या काळात इथे गृहविज्ञानाची शाखा उभी राहिली आणि बडोद्यातल्या कितीतरी घरांतल्या लेकी-सुना तिथून शिकून बाहेर पडल्या. (गंमत म्हणजे त्यांचे शास्त्र गावोगाव पोहोचले, फक्त आमच्या माजघरातच पोहोचायचे राहिले.) मावसबहीण म्हणाली, "दादा, अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सहाशे कॅलरी जास्त लागतात, त्यानंतर वर्षभरापर्यंत पाचशे वीस. हा आपल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा हिशेब. म्हणजे आणखी एक भरपेट जेवण. आणि तू तिचं होतं ते जेवणसुद्धा बंद पाडलंस!"

पण या साऱ्याची खरी किंमत कळली ती चार-पाच वर्षांनी. धाकटा शाळेत जाऊ लागला होता. आमची थोरली लेक तेव्हा नऊ वर्षांची. एका रविवारी वरण-भात, तूप, लिंबू असे तिचे आवडते पान वाढले तर तिने भात बाजूला सारला. आजीने कारण विचारले. ती म्हणाली, "नको, जाडी होईन." आणि मग आईकडे पाहून, "हो ना गं?"

मी गाणे शिकवतो. मुले सूर कसा उचलतात हे मला ठाऊक आहे. पाच वर्षांच्या मुलाला तुम्ही कोमल गांधाराची व्याख्या सांगा, त्याला काही कळणार नाही. पण घरात रोज तोडी कानावर पडत असेल तर ते बरोबर तोच गांधार लावते. आणि तंबोरा उतरलेला असेल तर तो उतरलेला सूरही तितक्याच नेमकेपणाने उचलते. सौ.ने लेकीला 'भात खाऊ नकोस' असे कधी म्हटले नव्हते. तिने फक्त आरशापुढे उभी राहून साडीच्या निऱ्या सारख्या करताना सुस्कारे टाकले होते, सणाच्या दिवशी श्रीखंडाची वाटी परत ठेवली होती आणि आईच्या, म्हणजे माझ्या आईच्या, "टाकवत नाही" आणि "आज माझा उपास" या दोन पट्ट्यांत ती स्वतः वाढली नसली तरी नांदली होती. लेकीने ते ऐकून ऐकून बसवले.

त्या रविवारी दुपारी घरात कोणी कोणाशी फारसे बोलले नाही. संध्याकाळी सौ.नेच मावसबहिणीला बोलावले.

ती आली आणि तिने पहिल्यांदा काय केले असेल तर वजनकाटा उचलून माळ्यावर टाकला. "महिना-दोन महिन्यांनी डॉक्टर मोजतील तेवढं पुरे," म्हणाली. मी वहीवर पथ्यांची यादी लिहून घ्यायला बसलो होतो. तिने वही मिटायला लावली. यादी नाहीच. चांगले अन्न आणि वाईट अन्न, अशी अन्नाची जातवारी करू नका, हे तिचे पहिले म्हणणे. जिलबी ही जिलबी आहे; ती मुंजीत खावी, चवीने खावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी न्याहारी करावी. हे मला लगेच पटले, कारण रियाजाचे असेच आहे. एक दिवस रियाज चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट करणारा शिष्य गळा बसवून घेतो. चुकलेल्या दिवसाचा दंड भरायचा नसतो, नेहमीच्या वेळेला नेहमीसारखे बसायचे असते.

दुसरे, आईने भूक लागण्याआधी नव्हे आणि भूक मेल्यानंतरही नव्हे, तर भूक लागली असता, बसून, आपल्या पानात वाढून घेऊन जेवावे. मुलाच्या पानातले हे जेवण नव्हे. राहिले तर राहू द्या. मुलाला आधी थोडे वाढा. आपल्या देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांत सत्तावन्न जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी असते, असे २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. "दम पुरत नाही" म्हणणाऱ्या तुझ्या त्या तीन वाजताच्या बायका अंगाला दोष देतात, पण त्यांतल्या कितीजणींनी रक्त तपासून घेतलं आहे? असे तिने मला विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते. जेवणाबरोबर चहा नको, तासभर अंतर ठेवावे, कारण चहा अन्नातले लोह लागू देत नाही. उलट वरणावर लिंबू पिळले तर ते जास्त लागते. डाळ, उसळ, दही, शेंगदाणे, चालत असेल त्या घरी अंडे. यात नवे काय? काहीच नाही. सारे कोठीघरात होतेच, फक्त बाईच्या पानात पोहोचत नव्हते. (सेव-उसळीतल्या उसळीचे काय, असे मी विचारून पाहिले. म्हणाली, "उसळ वाढव, सेव आवर, आणि मग खा खुशाल." बडोदेकराला यापेक्षा चांगला निकाल कुठल्या कोर्टात मिळणार?)

उपासाबद्दल तिने आईशी फार हळुवार बोलून घेतले. उपास सोडा असे ती म्हणाली नाही. मधुमेहाची गोळी चालू असताना निरंकार करू नये आणि उपासाच्या आधी डॉक्टरांना विचारून गोळीची मात्रा ठरवावी, एवढेच. आईने ते ऐकले. देवाला काय चालते हे तिला आमच्यापेक्षा जास्त कळते, असे तिचे मत आहे आणि ते खरेही असेल.

मग निघाला व्यायामाचा विषय. सौ. म्हणाली, "दिवसभर पायांवर असते, आणखी व्यायाम कसला?" घरोघर हेच उत्तर असते आणि त्यात तथ्य आहे. केर, कपडे, जिन्याची चढउतर, पाण्याच्या बादल्या ही सारी हालचाल हिशेबात धरतातच. पण ओट्याशी तीन तास उभे राहिल्याने पाय दुखतात, छाती मात्र फुलत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंना जोर देणारा व्यायाम सांगते. बाळंतपणातून उठलेल्या आईलाही, डॉक्टरांची हरकत नसेल तर, हळूहळू वाढवीत दीडशे मिनिटे. शस्त्रक्रिया झालेली असेल तर घाई नको. आधी चालणे, पोटाचे व्यायाम डॉक्टरांना विचारूनच. पण मध्यम श्रम म्हणजे किती? यावर बहिणीने जे माप सांगितले ते ऐकून मी ताडकन उठून बसलो. "चालताना बोलता यावं, पण गाता येऊ नये."

इतकी वर्षे मी गाता यावे म्हणून शिकवीत आलो आणि इथे गाता न येणे हीच उत्तीर्ण होण्याची खूण! दुसऱ्याच दिवशी आम्ही कमाटीबागेत गेलो. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली गावाला दिलेली ही बाग. तिच्यात मी लहानपणापासून हजार वेळा गेलो असेन, पण बायकोला बरोबर घेऊन भरभर चालायला प्रथमच. पहिल्या फेरीत तिने यमनची अख्खी सरगम सुखाने म्हणून दाखवली. म्हणजे नापास, चाल वाढवा. मी तेवढ्यात धापा टाकीत होतो. आखाडा वडिलांबरोबर संपला, ही गोष्ट माझ्याही लक्षात यायला वेळ लागला होता.

हे सगळे काही पाश्चात्त्यांनी येऊन शिकवले असे नाही. मंगळागौरीच्या रात्री मी लहानपणी दाराआडून पाहिले आहे. फुगडी, झिम्मा, पिंगा, लाट्या. आई, मावश्या, सगळ्या घामाघूम. गाणे खेळणाऱ्यांच्या तोंडी सुरू होई, त्यांना दम लागला की ते तुटे आणि भिंतीशी बसलेल्या म्हाताऱ्या तेथूनच ते उचलून धरीत. बहिणीचे ते माप त्या म्हाताऱ्यांना ठाऊक होते म्हणायचे! वर्षातल्या त्या एका रात्री आईला मी हसताना, धावताना, लाल झालेली पाहिली आहे. कोणी तिला 'वजन उतरेल' म्हणून खेळायला सांगितले नव्हते. आता बायका मंगळागौरीच्या स्पर्धा करतात, सारख्या रंगाच्या नऊवाऱ्या नेसून मंचावर येतात. नवरात्रात गुजराती मैत्रिणींबरोबर नऊ रात्री गरबाही खेळतात. छान आहे. पण नऊ रात्रींनंतर तीनशे छप्पन्न उरतात.

एक नाजूक गोष्ट आहे, ती न लिहिणे म्हणजे पुन्हा माजघराचे दार लोटून घेणे होईल. माझ्या वर्गातल्या एक-दोघी तार षड्जापाशी नेहमी अडखळत. मी समजे, सूर चोरतात. मी ओरडतही असे. नंतर सौ.ने मला सांगितले, की बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैलावतात, जोराने सूर लावला, खोकला किंवा हसू आले की लघवीचा थेंब जातो, आणि बाई संकोचाने गप्प बसते. त्यावर साधे व्यायाम आहेत, बसल्या जागी करता येतात, स्त्री-डॉक्टर किंवा व्यायामोपचार करणाऱ्या बाई ते शिकवतात. आता नवी शिष्या आली की सौ. तिच्याशी आतल्या खोलीत पाच मिनिटे बोलते. मी बाहेर तंबोरा जुळवीत बसतो आणि तार सप्तकात कोणी थांबले तर ओरडत नाही.

घरातले बदल मोठे नाहीत. संध्याकाळची पोळी मी भाजतो. आकार आफ्रिकेच्या नकाशाचा येतो, पण गरम येते. सगळे एकदम बसतात. आई ऐंशीच्या घरात आहे, तिला अजून मध्येच उठून काहीतरी आणायचे आठवते आणि नातू तिचा पदर धरून खाली बसवतो. जेवणानंतर ती आणि लेक गच्चीत शतपावली करतात. जेवणानंतरच्या थोड्या चालण्यानेही साखर आटोक्यात राहायला मदत होते, असे डॉक्टरांनी सांगितल्यापासून आईने शंभराची दोनशे केली आहेत. सौ.चे वजन उतरले का, असे मला दोघा-तिघांनी विचारले. मला माहीत नाही. काटा माळ्यावर आहे.

परवा बागेत लेकही आमच्याबरोबर आली होती. तिसऱ्या फेरीला तिने फर्मावले, "आई, आता गाऊन दाखव." सौ.ने आ केला, 'नि रे ग'पर्यंत गेली आणि मध्यमाच्या आधीच श्वास तुटून हसायला लागली. "पास!" लेक ओरडली. आम्ही फाटकाशी आलो तेव्हा दिवे लागले होते, बाहेर मक्याच्या कणसांची गाडी उभी होती. सौ. थांबली, कंबरेवर हात ठेवून दोन श्वास घेतले आणि म्हणाली, "मला भूक लागलीय." लेक म्हणाली, "मलापण." आम्ही तीन कणसे घेतली, लिंबू-मीठ चोळून.